हिरव्या बेडकीचं गिऱ्हाईक

२ मार्च, सोमवार

मनगटाचं प्लास्टर निघालं. हात वाळल्या दोडक्यासारखा झालाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज एक पान लिहा, बोटं मोकळी होतील. मी विचारलं, काय लिहू? म्हणाल्या, काहीही, सामानाची यादी लिहिलीत तरी चालेल. आता आम्ही खाणारी दोन माणसं, रोज पानभर यादी कुठून आणू? म्हणून जे घडेल ते लिहिणार. माझं शिक्षण चौथी, तीही अर्धी. परीक्षेच्या तोंडावर कांजिण्या आल्या, आणि त्या उतरेपर्यंत घरात भाऊ जन्मला होता, मग त्याला कडेवर घ्यायला कोण? ते असो. अक्षर मोठं आहे, पान पटकन भरतं.

घरात मी आणि नात. थोरलीची मुलगी. थोरली नोकरीपायी दूर असते, म्हणून ही माझ्याकडे. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची, तेव्हापासून तिला खारू म्हणतो. आता लग्नाची झाली तरी खारूच. नोकरी घरातूनच करते. खिडकीपाशी टेबल, त्यावर दोन स्क्रीन. कंपनी म्हणजे जुन्या गाड्यांचं दुकान, पण दुकान नाही, सगळं कॉम्प्युटरवर. जुन्या म्हणजे भंगार नव्हे, हौशी लोक पोटच्या पोरासारख्या जपतात तसल्या. लोक विकायच्या जाहिराती टाकतात आणि खारू त्यातल्या खोट्या शोधून काढते.

मी म्हटलं, ‘म्हणजे तू तांदूळ निवडतेस.’

‘हो गं आजी. फक्त आमच्याकडे खडे जास्त आणि तांदूळ कमी.’

एवढं लिहून हात दुखला. पण पान भरलं!

५ मार्च, गुरुवार

आज खारूजवळ स्टूल टाकून बसले. ती कानांवर ते हेडफोन चढवून काम करते. म्हणते, गाणी असल्याशिवाय लक्ष लागत नाही. मला माहीत आहे ते कशासाठी आहे. मी बोलायला लागले की आवाज वाढवते. या घरात सगळ्यांनीच माझ्यापासून कान वाचवले. हे पेपर आडवा धरायचे, थोरली दार लावून घ्यायची, ही हेडफोन लावते. एक धाकटा मुलगा तेवढा हनुवटीला हात लावून ऐकायचा. अजून ऐकतो.

पण आज खारूने एक कान उघडा ठेवला आणि मला शिकवलं. खोटी जाहिरात कशी ओळखायची, तर आधी फोटो. फोटो कॉम्प्युटरला दाखवला की तो पूर्वी कुठेकुठे हिंडून आलाय ते कळतं. मग म्हणे गाडीकडे बघायचं नाही, गाडीच्या मागे बघायचं. माणूस लिहितो फोटो कालचा, आणि मागच्या झाडाला पान नाही, आणि आपल्या खिडकीबाहेर झाडं हिरवीगार. एका फोटोत स्टेअरिंग डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, म्हणजे दोन गाड्यांचे फोटो एकत्र केलेत. किंमत फारच कमी. गाडी बघायला या म्हटलं की गाडी नेमकी कुठल्यातरी लांबच्या गोदामात. आणि आधी पैसे पाठवा.

मी म्हटलं, मला परीक्षा दे. पहिल्या जाहिरातीत लांबलचक काळी गाडी होती, लखलखीत, आणि शेजारी मालक उभा, पायात चिखलाने बरबटलेल्या चपला. मी म्हटलं, हा लबाड. ज्याच्या चपला अशा, तो गाडी अशी ठेवेल? खारू म्हणाली, ‘आजी, हे काका वर्षानुवर्षं आमच्याकडे गाड्या विकतायत, देवमाणूस आहे.’ दुसऱ्यात एक हसरा माणूस, डोळे गाईचे. मी म्हटलं, हा खरा. खारू खुर्चीतून पडायची राहिली. त्याचा चेहरा दातांच्या पेस्टच्या जाहिरातीतून कापून आणलेला होता. तिसरी, चौथी, सगळीकडे मी उलटी. खारू म्हणाली, ‘तू फार उपयोगी आहेस. तू म्हणशील त्याच्या विरुद्ध करायचं.’

मग म्हणाली, ‘आणि सगळ्यात सोपी ओळख सांगू? विधवा. नवरा गेला, गाडी बघवत नाही, आठवणी येतात, चांगल्या घरी जाऊ दे. असं वाचलं की माझा हात आपोआप लाल बटणावर जातो.’

‘मीही विधवाच की गं!’

‘म्हणून तर तुला गाडी विकायला देणार नाही.’

हसलो दोघी. तिने परत दोन्ही कान झाकले.

९ मार्च, सोमवार

धाकटा आला होता! खारू बाहेर गेली होती. येताना मला मऊ तळव्याच्या सपाता घेऊन आला, अगदी मापाच्या. त्याला माझं माप पाठ. थोरलीला विचारा, तिला माझा चष्म्याचा नंबरही माहीत नसेल. धाकट्याचे धंदे चालत नाहीत असं सगळे म्हणतात. पाण्याचे फिल्टर बुडाले, मग मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या, त्याही गळल्या. पण माणूस हसतमुख. दोन वाक्यं झाली की ‘तर मुद्दा काय’ म्हणतो आणि मुद्दा सोडून भलतंच बोलतो. अगदी माझ्यावर गेलाय.

आज मात्र खरंच मुद्दा होता. म्हणाला, ‘आई, तुला नोकरी देऊ का?’

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणाला, ‘एका म्हाताऱ्या बाईंची जुनी गाडी विकून द्यायची आहे. त्यांना ऐकू येत नाही, गिऱ्हाइकांशी बोलणार कोण? तर मुद्दा काय, तू बोल. तुझ्यासारखं बोलायला कुणाला जमतं?’

अख्ख्या जन्मात मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

गाडीचा फोटो दाखवला. फिकट हिरवी, गोल दिवे, दोन दारं, बसकी. बेडकीच. मी तिचं नाव बेडकी ठेवलं. एक वेगळा फोन दिलाय त्याने मला. गिऱ्हाइकाशी बोलताना गाडी आपल्याच घरातली, बाबांचीच म्हणायची, कारण मधे कुणी आहे कळलं की लोकांना दलाली वाटते. नाव विचारलं तर म्हणायचं, आजी म्हणा. आणि खारूला सांगायचं नाही, तिच्या कंपनीत घरच्या माणसांनी गाड्या विकायच्या नाहीत असा नियम आहे.

मी म्हटलं, ‘अरे, पण ह्यांच्याकडे कुठे होती गाडी?’

‘नव्हती. पण असती तर ठेवली असती की नाही त्यांनी जिवापाड?’

असती तर ठेवली असती, हे खरं आहे.

११ मार्च, बुधवार

नोकरी सुरू! गॅलरीत कुंड्यांना पाणी घालते आणि बोलते. खारू आत हेडफोन लावून. आज तिघांचे फोन. पहिला पोरगा इंजिनाचं काहीतरी विचारत होता, मी म्हटलं, बाळा, इंजिन आहे एवढं नक्की. त्याने फोन ठेवला. एक बाई सारखी ‘मी बघायला कधी येऊ’ म्हणत होती. धाकट्याने शिकवल्याप्रमाणे मी म्हटलं, गाडी गोदामात ठेवली आहे, तिथले लोक तुमच्या दाराशी आणून देतील. ती म्हणाली, ‘आजी, हे धंदे सोडा.’ काय उद्धट बाई! तिसरा चांगला होता, पण त्याला निळी हवी होती.

एक युक्ती सापडली. ह्यांच्याकडे जन्मभर एक सायकल होती. गोदामात वजनकाट्यावर होते हे, रोज त्या सायकलवरून जायचे. तिला रविवारी तेल, पावसात गोणपाट, कुणी हात लावला तर डोळे वटारायचे. तेव्हा मला फार राग यायचा, माणसांपेक्षा सायकल मोठी म्हणून. तर मी तेच सगळं सांगते, फक्त सायकलच्या जागी गाडी घालते. खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. माणूस तर खराच आहे.

१४ मार्च, शनिवार

आज एक सोन्यासारखं गिऱ्हाईक मिळालं. एका मोठ्या दवाखान्यात लिफ्ट चालवायचे, आता निवृत्त. म्हणाले, ‘ताई, जन्मभर वर गेलो नि खाली आलो. आता जरा आडवं जायचंय.’

मी इतकी हसले की झारी कुंडीत न जाता पायावर.

तरुणपणी दवाखान्याच्या बड्या डॉक्टरांकडे अशीच बेडकी होती. हे ती धुवायचे. डॉक्टर आत बसू द्यायचे, चालवू द्यायचे नाहीत. तेव्हापासून मनात आहे. घरी बायको आहे, ती म्हणते या वयात गाडी घेण्यापेक्षा चांगली गादी घ्या. मी म्हटलं, अगदी बरोबर बोलतात त्या. मग आठवलं की मला गाडी विकायची आहे. म्हटलं, पण गादीवरून कुठे जाता येतं?

लिफ्टवाले सांगत होते, माणसाच्या बुटांवरून त्यांना कळायचं तो कितव्या मजल्यावर जाणार. बाळंतिणीला बघायला येणारे पुसलेले बूट घालून येतात, शेवटच्या मजल्यावरच्यांना बुटांचं भान नसतं. किती छान बोलतात! मीही रंगात आले. ह्यांचं एकेक सांगत होते. म्हटलं, ‘ओढ्याला पाणी आलं की हे तिला खांद्यावर घेऊन पलीकडे जायचे.’

ते मला मधेच थांबवून म्हणाले,

‘खांद्यावर? गाडी?’

मी भरलेल्याच कुंडीत आणखी पाणी ओतलं. मग म्हटलं, ‘अहो, प्रेमच तसं होतं.’

 ते म्हणाले, ‘असेल, असेल.’ आणि परत बुटांवर आले.

धाकट्याला ही गंमत सांगितली नाही. नोकरी जायची.

१७ मार्च, मंगळवार

खारूने हाक मारली, ‘आजी, ये ये, तुझी मैत्रीण आली.’ मैत्रीण म्हणजे तिची ती विधवा. मी हात पुसत गेले. स्क्रीनवर फिकट हिरवी गाडी. गोल दिवे, दोन दारं, बसकी.

खारू मोठ्याने वाचत होती. नवरा गेला. गाडी बघून जीव कासावीस होतो. कुणी जिव्हाळ्याने सांभाळणारा हवा. गाडी गोदामात आहे. ‘आणि हे बघ, पहिल्या फोटोत स्टेअरिंग डावीकडे. तिसऱ्यात उजवीकडे. म्हाताऱ्याने काय रोज काढून दुसऱ्या बाजूला लावलं का?’ मग म्हणाली, ‘हा फोटो तर तीन वर्षं जगभर फिरतोय. ही गाडी कधीच विकली गेली. असली तर कुणाच्यातरी अंगणात आहे.’ लाल बटण दाबलं. गाडी गेली.

मी विचारलं, ‘अशा हिरव्या गाड्या पुष्कळ असतील ना गं?’

‘असतील की. का?’

‘काही नाही.’

हे विचारलं ते बरं झालं. पुष्कळ असतात.

मग भांडी घासली. ती घासलेलीच होती.

१९ मार्च, गुरुवार

धाकट्याला फोन केला. म्हटलं, ‘आपल्या बेडकीचं स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे रे?’

‘तुला काय करायचंय?’

असं तो माझ्याशी कधी बोलत नाही. मग लगेच गोड झाला. म्हणाला, ‘कुणी विचारलं का? तर मुद्दा काय, विचारलं तर सांग, मला बायकामाणसाला त्यातलं कळत नाही.’

मी म्हटलं, ‘ती बाई, जिची गाडी, तिला एकदा भेटू दे मला. लिहून दाखवीन तिला, मला आता लिहिता येतं रोज.’

म्हणाला, तिची तब्येत बरी नाही.

लिफ्टवाल्यांचा परवा फोन आला होता तेव्हा त्यांच्या बायकोशीही बोलले. त्या बाईंचा मला काही थांग लागला नाही, नुसतं हूं हूं करत होत्या. धाकटा म्हणतो, गिऱ्हाईक पिकलंय, आता जास्त गप्पा मारू नकोस. मी म्हटलं, तूच तर म्हणालास बोल. म्हणाला, ‘हो, पण आता पुरे.’

म्हणजे यानेही शेवटी तेच म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार

लिफ्टवाले म्हणाले, निवृत्तीचे पैसे काढायला बँकेत सांगून ठेवलंय. आधी इसार पाठवायचा, मग गाडी आली की बाकीचे. बायको नको म्हणते, मेकॅनिक मित्र म्हणतो आधी बघून घे. मग म्हणाले, ‘पण तुमच्याशी बोललं की वाटतं, बघायचं काय त्यात. ताई, तुम्हीच सांगा. पाठवू ना?’

मी हो म्हणायला तोंड उघडलं. धाकट्याने तेच सांगितलं होतं. पण मी आजवर साधा झाडूसुद्धा हातात धरून, दोन हात मारून बघितल्याशिवाय घेतलेला नाही. दुकानदार ओरडायचे. आणि हा माणूस आपली सगळी कमाई देणार, नि त्याने ना गाडी बघायची ना माझं तोंड?

म्हटलं, ‘भाऊ, आधी चहाला या. बसा, बोला, मग द्या.’

आणि पत्ता सांगितला. जिना चढून डावीकडचं दार, बेल दाबावी लागते जोरात, हेही सांगितलं.

फोन ठेवल्यावर इतकं मोकळं वाटलं! आता धाकट्याला सांगेन, की तू गिऱ्हाइकं फोनवर धरतोस, मी घरी आणते. समोरासमोर बसलं की सौदा पक्का होतोच.

२२ मार्च, रविवार

धाकट्याला सांगितलं. मला दोनदा ‘आहेस का’ विचारावं लागलं.  मग म्हणाला, ‘बरं केलंस. कधी येतायत?’

‘उद्या सकाळी. तूही ये. त्यांना गोदामात घेऊन जा, बेडकी दाखव.’

‘येतो,’ म्हणाला.

येणार म्हणजे येणार. चांगले कप काढून धुतले. बिस्किटं आणली, वरून साखर लावलेली. खारूने विचारलं, कोण येतंय? मी म्हटलं, माझे पाहुणे, तू तुझं गाणं ऐक. तिला वाटलं व्यायामाच्या बाई येतायत.

२३ मार्च, सोमवार

आज लिहवत नाही. उद्या.

२४ मार्च, मंगळवार

काल लिफ्टवाले ठरल्याप्रमाणे आले. आवाजावरून मला उंच माणूस वाटला होता. निघाले माझ्याएवढेच. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट. बूट मी आधी बघितले, त्यांनीच सवय लावली. हातात कापडी पिशवी. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. मेकॅनिक मित्राने दिलेलं. जुन्या गाडीचा पत्रा सडला की लोक तिथे पुट्टी भरून वरून रंग मारतात, चुंबक तिथे चिकटत नाही, म्हणजे कळतं. मी बिस्किटांचा डबा पुढे केला तर ते टणकन डब्याला जाऊन चिकटलं.

‘डबा अस्सल आहे ताई,’ म्हणाले.

किती हसलो. चहा झाला. धाकटा येईना. मी म्हटलं, मुलगा येतोय, तो तुम्हाला गोदामात नेईल, तिथे बघा सगळं आणि मग पैशाचं ठरवा.

ते म्हणाले, ‘पैसे तर पाठवले.’

‘इसार?’

‘सगळेच. सकाळी निघता निघता गोदामवाल्यांचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन उभं आहे म्हणाले, आत्ता पूर्ण पाठवलेत तर तुमची, नाहीतर त्याची. तुमच्याकडेच यायला निघालो होतो, म्हटलं मग कशाला भ्यायचं.’

माझ्या हातात बशी होती. ती मी खाली ठेवली. विचारलं, ‘गोदामवाले बोलायला कसे होते?’

‘गोड एकदम. तुमच्यासारखेच मोकळे. दर दोन वाक्यांनी ‘तर मुद्दा काय’ म्हणत होते.’

मी धाकट्याला फोन लावला. बंद होता. परत लावला. बंद.

लिफ्टवाले बिस्किटावरची साखर बोटाने टिपून खात होते.

मी उठून आत गेले आणि खारूच्या कानावरून हेडफोन उचलले. ती दचकली. म्हटलं, ‘ती हिरव्या गाडीची विधवा आहे ना, ती मी आहे.’

आधी हसली ती. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसणं थांबलं. ‘फोन कुणी दिला तुला?’ मी गॅलरीतल्या कुंडीमागचा फोन आणून तिच्या हातात ठेवला. कुणी दिला ते सांगितलं नाही. तिने परत विचारलंही नाही. तिला दुसरं कोण सुचणार?

बाहेर जाऊन तिने लिफ्टवाल्यांना खाली बसून सांगितलं, स्टुलावर, अगदी त्यांच्या समोर. गाडी नाहीच असं सांगितलं. ते म्हणाले, ‘पण ताई तर आहेत.’ मग त्यांनी चुंबक परत रुमालात गुंडाळलं. गाठ मारली, सोडली, परत मारली.

पोलिसांकडे टॅक्सीने गेलो. मी मधे बसले. वाटेत ते म्हणाले, ‘गाडी खांद्यावर म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, इतकं वाईट खोटं बोलणारी बाई फसवणार नाही.’ हे ऐकून मला बरं वाटलं की लागलं, ते अजून ठरत नाही.  

तिथे दाराशी खारूने मला बाजूला घेतलं. म्हणाली, ‘आजी, मामा आहे तो माझा. तुला नाही जमलं तर मी सांगते नाव. तू बाकावर बस.’

मी म्हटलं, ‘आधी बघू काय म्हणतात.’ मनात होतं की काहीतरी घोटाळा असेल, धाकट्याला कुणीतरी फसवलं असेल, तो भोळा आहे. खारूला तसं म्हटलंही. ती म्हणाली, ‘असेल. पण ते नंतर बघता येईल. पैसे नंतर बघता येत नाहीत.’

तक्रार लिहून घेणारे हवालदार तरुण होते, डोळे लाल, समोर थंड झालेला चहा. पावती बघून म्हणाले, ‘हे खातं कुणातरी भलत्याच्या नावाचं आहे. पैसे इथे थांबत नाहीत, पुढे जातात. मागचा माणूस कोण ते कळलं तर त्याची खाती आत्ता बंद करून घेतो. उद्या सांगून उपयोग नाही. फोनवर बोलणारी बाई सोडून कुणाचं नाव माहीत आहे?’

लिफ्टवाल्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत बसले. त्यांनी बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. खारूने श्वास घेतला, बोलायला. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

धाकट्याचं पूर्ण नाव मी कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. घरात तो धाकटा. आधी त्याचं, मग मधे ह्यांचं, मग आडनाव. मधलं नाव मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. हवालदार म्हणाले, परत सांगा. मी परत सांगितलं. त्याचा फोन नंबर सांगितला, पत्ता सांगितला. कुठल्या बँकेत खातं आहे तेही, कारण पहिलं खातं मीच नेऊन उघडलं होतं, शाळेत असताना.

‘तुमचं कोण लागतो?’

‘मुलगा.’

ते पेन तसंच धरून थांबले, मग लिहिलं. मग इकडे फोन, तिकडे फोन. आम्ही बाकावर. खारूने पाणी आणलं, लिफ्टवाल्यांनी नको म्हटलं, मग घेतलं. समोर एक माणूस हरवलेल्या बॅगेची तक्रार द्यायला आला होता. बॅगेचा रंग त्याला सांगता येईना, बायकोला फोन करून विचारत होता. एरवी मी त्याला दहा प्रश्न विचारले असते.

बऱ्याच वेळाने हवालदारांनी हाक मारली. म्हणाले, अडकले पैसे. थोडे पुढे गेलेत, पण बरेचसे त्याच्याच खात्यात सापडले. परत मिळायला वेळ लागेल, पण मिळतील. लिफ्टवाले उभे होते ते बसले. हात जोडले, पण कुणाला ते कळेना, हवालदारांना की खारूला. मला तर नसावेत. पण मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, घरी गेलो की आमच्या हिला सांगतो, गादी घेऊ.’

हसायचं की नाही ते मला कळलं नाही.

मग हवालदारांनी नवीन कागद घेतला. म्हणाले, ‘आता फोनवरची बाई. ती कोण?’

‘मी.’

‘तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांशी बोललात?’

‘हो.’

‘आणि हे खोटं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं.’

विचारत नव्हते. लिहून मोकळे व्हायला बघत होते, चांगला मुलगा होता. खारू लगेच म्हणाली, ‘नव्हतं माहीत तिला. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.’

मला स्टेअरिंग आठवलं. ती घासलेली भांडी आठवली.

मी म्हटलं, ‘अर्धवट माहीत होतं, असं लिहा.’

‘आजी!’ खारू म्हणाली.

हवालदार म्हणाले, ‘तसं लिहिता येत नाही आजी. होतं किंवा नव्हतं. काय लिहू?’

खारूने माझा दंड घट्ट धरला होता.

‘मग होतं, असं लिहा,’ मी म्हटलं.